माघारी आलेलीला पाणी

न्हाई न्हाई ताई, खोडा ते — माघारी म्हंजे नुसतं परत न्हाई. परत तर माणूस जीपमदीबी येतंय. माघारी म्हंजे आपल्याच मागावर. माग — मातीत पाय उमटतो ना, तो. तुमच्या कॉलेजात काय सांगतेत मला ठाऊक न्हाई, माझ्या बापानं सांगितलं तसं सांगून राह्यलो. इकलेली मेंढी कळपाच्या ओढीनं सुटून येती — मान खाली, सकाळचा आपलाच माग हुंगत — ती माघारी आली. तिथून निघाला शब्द. बराबर लिहा. मंग तिचं काय करायचं? कळपात घ्यायची न्हाई. पाणीसुद्धा दावायचं न्हाई — पाजलं की चटक लागती, रोज येती. त्याच दिवशी घेणाऱ्याच्या दारात नेऊन बांधायची. माझी, सर्जेरावची मेंढी म्हणलं की राजूरच्या बाजारात कोणी दुसऱ्यांदा इचारत न्हाई, ते याच्यामुळंच.

रेणू? तिचं नाव कोणी — तिच्या मायनं, आमच्या साखराबाईनं सांगितलं व्हय. बरं. लेक माझी. टेंभुर्णीला दिल्ती. चैतात आल्ती, पायी, पायात चप्पल न्हाई. उंबऱ्यावर बसली, म्हणली, बाबा, पाणी. साखराबाई तांब्या घेऊन उठली — मी तिचा हात धरला. पोरीला म्हणलं, आधी गाडीवर बस. आल्या पावली सासरी नेऊन सोडली. तिथं काय झाल्तं? मी इचारलंच न्हाई ताई. मेंढीला कोण इचारतं?

आठ दिवसांनी निरोप आला, रेणू घरात न्हाई. पोलीस आले, गेले. मंग मी माग काढला — जनम गेला माझा माग काढण्यात. टेंभुर्णीच्या वढ्याच्या रेतीत सापडला तिचा पाय. डाव्या अंगठ्यावर जोर देती ती, लहानपणापासून. सडकेपर्यंत गेलो. पुढं डांबर. डांबरावर माग ऱ्हात न्हाई. आन् मागाची बोटं इकडं राजूरकडं नव्हती ताई, उलटीकडं होती. माझ्याकडं येतच नव्हती ती.

दोन वर्षं झाले. येत न्हाई आता, मला कळतंय. साखराबाईला कळत न्हाई, रोज पाणी भरून —

तहान लागली? घ्या की, माठातलं घ्या — तो न्हाई! उंबऱ्यावरचा तांब्या न्हाई. ठिवा. ठिवा म्हणलं ना खाली! झालं तुमचं लिहून. जा माय, जल्दी निघा. जीप गेली तर पायी जावं लागंल.