अळंबीच्या रिंगणात पाय

तुम्ही हसाल, पण आमच्या माहीमच्या वाडीत पावसाळ्यात अळंबी गोल रिंगण करून उगवते. सासूबाई सांगतात, "तिथं पाण्यातल्या देवी, साती आसरा, फेर धरतात. रिंगणात पाय पडला तर दिवस मावळेपर्यंत बोलायचं नाय."

नेमके मुलीला बघायला पाहुणे यायच्या दिवशी आमचे हे नारळ उचलायला त्यातच शिरले. एरवी भारी बोलघेवडे, पण आईपुढे काय चालणार? पाहुण्यांसमोर नुसते हसत बसले. मला धास्ती, पाहुण्यांना वाटायचं यांना स्थळच पसंत नाही.

निघताना मुलाचे वडील म्हणाले, "मुलगी पसंत आहे, विहीणबाई. आणि तुमचे यजमान किती शांत!"

सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "अगो, लग्न लागेस्तवर याला बोलू देऊ नको."