नितेशच्या खिशातला आवाज

मंडळी, कीर्तनाला बसलाय तर आधी एक सांगा! मूर्ती घडवणारा पाथरवट देवळाच्या दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, “माझ्या मूर्तीपुढं कुणी गायचं नाही!” — तर देव कुणाचा? बोला की! गप्प का? बरं, ऐका.

विट्यात दोन दोस्त. उमेश परीट आणि नितेश वाघचौरे. दोघंही मोबाईलवर मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळायचे आणि तो खेळ आपापल्या चॅनलवर टाकायचे. नितेशचा हात पक्का, रोज पहिला! पण बघायला कोण? एकटी बायको — तीही मेथी निवडता निवडता! आणि उमेश? दर वळणाला आपटायचा! पण त्याचे वडील, अण्णा, बैलगाडी शर्यतीत माईकवर बोलणारे. ते शेजारी बसून ओरडायचे, “आली आली आली! सुटली रं तांबडी! कासरा ओढ!” अहो, मोटारीला कासरा! लोक हसून लोळायचे.

अण्णा वारले, तरी लोक तेच व्हिडिओ बघत राहिले. नितेशला ते खुपायचं! ‘जिंकतो मी, आणि टाळ्या मेलेल्या म्हाताऱ्याला?’

आता कंपनीचं ऐका. गेम तिचा, त्यातलं संगीत तिचं. ते कुणाच्या व्हिडिओत वाजलं की तक्रार. तीन तक्रारी झाल्या की चॅनल बंद! अगं बाई, ज्यानं तुझा गेम गावोगाव नेला, त्याचाच गळा धरतेस? धरते! आपल्या खेळावर दुसऱ्यानं वाहवा घेतलेली तिलाही खपत नाही — नितेशचीच थोरली बहीण शोभते ती!

नितेशनं काय केलं? अण्णांचे सगळे व्हिडिओ पुरावा म्हणून मोबाईलमध्ये उतरवून घेतले आणि ‘ह्यांत तुमचं संगीत वाजतंय’ असं कंपनीला कळवलं. आठवड्यात उमेशचं चॅनल साफ! पण हातात झाडू घेतल्यावर कंपनी एका घराशी थांबते व्हय? तेच संगीत नितेशच्याही व्हिडिओत! त्याचंही चॅनल गेलं.

तोवर उमेश दारात.

“नित्या, तुझं पण गेलं का रं? कुणाचा डोळा लागला आपल्याला?”

नितेशनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

“चॅनल जाऊ दे. अण्णांचा आवाज गेला रं! मी येडा, दुसरीकडं कुठं ठेवलाच नाही.”

मंडळी, आवाज कुठं होता? नितेशच्या खिशात! द्यावा, तर चोरी उघडी. न द्यावा, तर दोस्ताचा बाप दुसऱ्यांदा मरतो. हात खिशाशी गेला, मागं आला, परत गेला... शेवटी मोबाईल निघाला.

“आली आली आली! सुटली रं तांबडी!”

उमेश रडला, हसला — आणि एकदम थांबला.

“नित्या... हे तुझ्याकडं कसं?”

“पुरावा म्हणून उतरवलं होतं... कंपनीला कळवायला.” उमेशला कळलं.

“मार मला, उम्या.”

“आधी पाठव,” उमेश म्हणाला. “मग मारतो.”

मंडळी, संतांनी अभंगांना कुलूप घातलं असतं, तर मी आज इथं मुका उभा असतो! कंपनीला शिव्या द्या, मीही देतो. पण तिला उमेशचं घर दाखवलं कुणी? शेजाऱ्याचं नाव झालं की तुमचा हात कुठं जातो — टाळीला, की तक्रारीला? बघू, शेजारी बसलाय त्याच्यासाठी एक टाळी वाजवा!

...बघा! निम्मे हात अजून मांडीवरच!