माहेरच्या यादीतलं नाव

देवपूरच्या कॉलेजात मतदार नोंदणीचं टेबल मांडलं होतं. नातीची वाट पाहत बाकावर अंग चोरून बसलेल्या मगननानांच्या कानी टेबलावर फॉर्म वाटणारी एक मुलगी आणि तिची मैत्रीण यांचं बोलणं पडलं.

“रत्ना, फॉर्म अजून कोराच?”

“माय म्हणते, लग्नानंतर सासरीच नाव लाव.”

“तोवर मत कोण देईल? तुमची म्हैस?”

“हसू नको, आयुषी. मायचं नाव माहेरच्याच यादीत राहिलंय. तिनं अजून मतच दिलं नाही.”

“अगं, पत्ता बदलता येतो! माझ्या वहिनीनं बदलला. लाव मायला फोन.”

रत्नाने लावला.

“माय, लगीन व्हयनं तरी यादीमधला पत्ता बदलता येस.”

“खरं का वं?” पलीकडचा आवाज नानांपर्यंत आला. “मंग आजच लाव तुन्हं नाव. आनि पोरी... मन्हं बी बदलाई टाक.”

“आयुषी, मायसाठी पण फॉर्म दे गं.”