भरावावर हालचाल नको

नाही नाही सर, परत बेल नका वाजवू, मीच आलेय ना बाहेर — इथे जिन्यातच बोलू. बाबा म्हणतात, आजपासून व्यायाम बंद. तुमचं काही चुकलं नाही हो. पक्षाघात झाल्यापासून पाच महिन्यांत डावा पाय टेकायला लागले ते तुमच्यामुळेच — हात राहिला, तोही आला असता — म्हणजे, येईल. पण बाबा तीस वर्षं बिल्डरांकडे सुपरवायझर, अर्धं गोखिवरे त्यांनी भातशेतीत भराव टाकून उभं केलंय, आणि आता पेपरच्या पुरवणीत आलंय, की परदेशात मेंदूत पडलेल्या खड्ड्यात बारीक मणी भरतात, मण्यांवर पेशी, आणि तिथे नवा मेंदू धरतो. मी बी.एस्सी., मला दोनदा वाचावं लागलं. बाबा लगेच म्हणाले, हा तर भराव. आणि भराव पडायच्या आधी जागा हलवायची नसते — म्हणून हात हलवायचा नाही. — आई गं. कुकरची शिट्टी होती. मला वाटलं, बाबांनी हाक मारली.

सोसायटीभर झालंय आता. खालचे ॲन्सेल्म अंकल कॅनडातल्या मुलीकडे चौकशी करतायत. चेअरमन आत्मारामकाका विचारून गेले, गच्चीच्या गळतीला चालेल का ते. बाबा म्हणाले, आधी माझं होऊ दे, मग बघू.

काय? — हळू बोला ना. तुम्हीही वाचलंत? हो, प्रयोग उंदरांवरच. फक्त उंदरांवर. बाबांना अक्षरं पुसट दिसतात, मीच वाचून दाखवलं, आणि त्या दिवशी ते रडत होते, सर. बाबा. मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून ‘उंदीर’ आलं तिथे ‘रुग्ण’ म्हटलं — एकदाच म्हणणार होते, पण पुढे सात वेळा आलं. कात्रण तांदळाच्या डब्यात लपवलंय.

तुम्ही सांगाल? नको. आठवडाभर हसतायत ते, जेवतायत. पहिले सहा महिने महत्त्वाचे, तुम्हीच म्हणालात, विसरले नाही मी — महिना आहे की अजून, सांगेन ना, रविवारी — रविवारी बाबांचे भाऊ येतात — सोमवारी सांगते —

कोणी नाही, बाबा. पत्ता चुकले होते.

जा ना सर. चपलांचा आवाज नका करू.