पहिल्या बॉलआधीचा स्कोअर

आमच्या निलेशला सी ही कॉम्प्युटरची भाषा किती येते, ते पोलादपूरच्या मॅचला सगळ्या गावाने बघितलं. बक्षीस बोकडाचं, आणि स्कोअरबोर्डचा प्रोग्राम ह्याचा. पहिला बॉल पडायच्या आधीच स्क्रीनवर समोरच्या टीमच्या ओपनरच्या नावापुढे बत्तीस हजार रन.

त्यांचे दगडूकाका शांतपणे म्हणाले, "बोकड सोडा रे, आमी जिंकलो."

मी निलेशला म्हटलं, "रन ठेवायच्या घरांची रांग, म्हणजे ॲरे, नुसता जाहीर केलास, मेमरीतला जुना कचरा तसाच राहिला. सगळ्या घरांत आधी शून्य भर."

"माझ्या लॅपटॉपवर बरोबर येत होतं," म्हणे. पण भरलं.

मग आमच्या डावात हा स्वतः बॅटिंगला गेला आणि पहिल्याच बॉलवर त्रिफळा उडाला.

काका बोर्डावर ह्याच्या नावापुढे बघत म्हणाले, "शून्य जागचं हललं नाय. आता मशीन बरोबर हाय."