प्रीतीला हवा होता एक कोरा माणूस

...नाही, तुम्हीच सांगा, दिवसभर कल्याणच्या शाळेत वर्ग भरून पोरं सांभाळून आलेली बाई संध्याकाळी घरी येऊन, दार लावून, कोणाला दटावत असेल? 'गप्प बसा! अजिबात बोलायचं नाही. पाय जमिनीवर. पायावर पाय टाकायचा नाही. पाठ टेकवा. हात टेबलावर... आणि आता पाच मिनिटं शांत!' आणि हे रोज! शाळेतली पोरं शाळेत राहिली, सासू टिटवाळ्याला धाकट्याकडे गेलेली, मग घरात उरलं कोण? नवरा! धम्मपाल! विठ्ठलवाडीला वर्कशॉपमध्ये कामाला, पायाखाली मुंगी आली तर तिलाच सॉरी म्हणेल असा माणूस. मला काय करायचंय म्हणा! आंबिवलीत आल्यापासून मी कोणाच्या संसारात नाक खुपसलेलं नाही. पण प्रीतीची आणि आमची भिंत एकच, ती बिल्डरने बांधलीय की नुसती रंगवलीय देव जाणे, आता आवाज आला तर कान काय काढून फ्रिजमध्ये ठेवू?

बरं, एकदा बोलून थांबेल तर शपथ! परत पहिल्यापासून, तस्सं, त्याच आवाजात. आणि एक दिवस काय ऐकते... 'पट्टा कोपराच्या वर बांधायचा. दोन बोटं आत जातील एवढाच घट्ट.' बांधायचा! माझ्या हातातली मेथीची जुडी खाली. म्हटलं, हिने त्याला खुर्चीला बांधला!

दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मपाल कचऱ्याचा डबा घेऊन निघाला, चेहरा हा एवढासा. मी सहज विचारलं, 'काय रे, हातबीत दुखतोय का?' म्हणे, 'नाही काकू.' मी म्हटलं, 'कोपराच्या वर?' तसा जिना धाड धाड उतरून गेला! आता ह्याला काय म्हणायचं?

मला काय करायचंय म्हणा, पण उद्या त्या पोराचं काही बरंवाईट झालं तर पोलीस पहिले कोणाचं दार ठोकणार? माझंच ना? म्हणून खालच्या लक्ष्मीच्या कानावर घातलं. सोसायटीच्या आबांना सांगितलं. गच्चीवर पापड घालायला बायका जमल्या, त्यांनाही सांगितलं. आणि नक्कल करून, बरं का! पाठ अशी, पाय असे, दोन बोटं अशी... एका शब्दाचा फरक नको, उगाच कोणावर खोटा आळ यायला नको. आमच्या ह्यांना तर चहाला एकदा, जेवताना एकदा, टीव्हीसमोर एकदा. हे म्हणायचे, 'हं.'

आणि गेल्या रविवारी प्रीतीच दारात! 'काकू, तुम्ही किती शिकलात हो?' म्हटलं, 'सातवी. का?' 'मोबाईलवर व्हिडिओ बघता? चष्मा लागतो? बीपीचं मशीन कधी वापरलंय?' माझ्या डोक्यात लाल दिवाच लागला. अहो, ह्या बिल्डिंगमध्ये चौकशा कोण करतं? मी! मग ही कोण लागून गेली? म्हटलं, 'आधी तू सांग, त्या धम्मपालचं काय चाललंय?'

तर ती हसली आणि बसलीच. म्हणाली, 'काकू, मी कोर्स करतेय. नोकरी करणाऱ्या शिक्षकांसाठी मास्टर्सचा. इन्स्ट्रक्शनल डिझाइन.' म्हटलं, 'डिझाइन? ब्लाउजचं?' 'नाही हो! धडा असा बांधायचा की शिकवणारा समोर नसला तरी शिकणाऱ्याला जमलं पाहिजे. घरच्या घरी बीपी कसं मोजायचं, त्याचा व्हिडिओ केलाय. महिनाभर तेच रेकॉर्डिंग चाललंय.'

आणि मग तिचा आवाज बारीक झाला. 'आज संध्याकाळी मॅडम फोनवर बघणार आहेत. ज्याला ह्यातलं ओ की ठो माहीत नाही, अशा माणसाने एकदा व्हिडिओ बघून एकट्याने बीपी मोजलं, तर मी पास. नाहीतर वर्ष गेलं, काकू. शाळा सांभाळून परत पहिल्यापासून... धम्मपाल एका शब्दाने बोलत नाही, पण भांडी, कपडे, स्वयंपाक, सगळं तोच करतोय. दमलाय हो तो.'

मी तिचा हात धरला. म्हटलं, 'अगं वेडे, मी आहे ना!'

संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसले. फोनमध्ये मॅडम. व्हिडिओ सुरू झाला, त्यातली प्रीती 'नमस्कार' म्हणायच्या आत मी पाठ टेकवली, पाय जमिनीवर, पट्टा कोपराच्या वर, 'दोन बोटं!' मीच म्हटलं. मॅडम म्हणाल्या, 'ताई, हा धडा तुम्ही आधी बघितलाय का?' म्हटलं, 'छे हो! तसली सवय नाही मला. ऐकलाय. महिनाभर.'

प्रीतीचा चेहरा पांढराफटक. मॅडम म्हणाल्या, 'हे चालणार नाही. तासाभरात दुसरं कोणीतरी आणा. कोरं पाहिजे.'

मी धावत खाली. लक्ष्मीला विचारलं, 'मशीन कधी हातात घेतलंयस?' म्हणे, 'नाय बाई.' ओढतच आणली. तर ही बया खुर्चीत बसल्याबसल्या पाय खाली, पाठ ताठ, तोंडावर बोट! मी ओरडले, 'तुला कोणी सांगितलं?' तर म्हणते, 'तूच की गं मालन! हा धम्मपाल मार खातो ती गोष्ट सांगताना!' धम्मपाल समोर उभा! हातात कुकर! आबांना हाक मारली, ते दारातूनच बाही वर करत आले, 'दोन बोटं ना?' गच्चीवरच्या बायकांचं तर विचारूच नका. अख्खी बिल्डिंग शिकून तयार! प्रीतीच्या डोळ्यांत पाणी, आणि मला तोंड लपवायला जागा नाही.

तेव्हा धम्मपालच हळूच म्हणाला, 'काका घरी आहेत?'

म्हटलं, 'अरे ह्यांना तर मी दिवसातून तीन तीनदा...' आणि थांबले.

आणलं ह्यांना. बसले पायावर पाय टाकून. मशीन उलटं धरलं. पट्टा गळ्याकडे न्यायला लागले! मॅडमच्या आवाजात जीव आला, 'वा! असंच माणूस पाहिजे होतं!' व्हिडिओ लावला. आणि तुम्हाला सांगते, हा माणूस पापणी न लवता ऐकत होता! पाय खाली घेतले. पाठ टेकवली. दोन बोटं घालून बघितली. पाच मिनिटं गप्प बसून आकडा मोठ्याने वाचून दाखवला. 'प्रीती, पास,' मॅडम म्हणाल्या. प्रीती ह्यांच्या पायाच पडली, धम्मपालने कुकर तसाच खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसला, हसत.

घरी आलो. मी काही बोलणार, तेवढ्यात हे सोफ्यावर पसरून म्हणतात, 'काय सुरेख समजावते गं पोरगी! आयुष्यात मला हे कोणी सांगितलं नव्हतं. तू पण एकदा बघून घे तो व्हिडिओ.'

...मला काय करायचंय म्हणा! म्हटलं, 'बरं. बघते.' तर हे म्हणाले, 'हं.'