एकशे साठ तास, एक तारा

...आणि वर मलाच विचारतात, "एवढा भंगार गेम आहे तर खेळलास कशाला?" अहो, खेळल्याशिवाय कळणार कसं भंगार आहे ते? पहिले दहा तास वाटलं, सुरुवात आहे, पुढे रंगेल. पुढचे पन्नास तास वाटलं, आता एवढं खेळलोय तर सोडायचं कशाला... आणि नंतरचे शंभर तास, तुम्हाला सांगतो, निव्वळ रागाने खेळलो! तेव्हा माझं मत काही वरवरचं नाही. भंगार गेम आहे, एकशे साठ तास खेळून सांगतोय.

नाव सांगत नाही, इंग्रजी आहे, उच्चारताना माझी जीभ अडकते. आम्ही नागावात त्याला नुसतं 'लाल ग्रह' म्हणतो. आम्ही म्हणजे तीन माणसं, तिघांचं मिळून वय एकशे सव्वीस, लाज वाटते सांगायला पण सांगतो. एक मी, गणराज राऊत, माझं नागावात चार खोल्यांचं होमस्टे, पावसाळ्यात पाहुणे कमी आणि तीन नंबरच्या खोलीतला मोठा टीव्ही रिकामा. दुसरा सुजित, त्याची किनाऱ्यावर बनाना राईड, जून लागला की बोट वर ओढलेली आणि माणूस मोकळा. तिसरा विपुल, आमचा गुजराती भाई, त्याचं अलिबागला हार्डवेअरचं दुकान, तो अजिबात मोकळा नसतो पण दुपारी येतोच.

आता गेम काय, तर लाल ग्रहावर माणसांची एक वसाहत, तिथे काहीतरी राक्षस घुसलेत, आणि आपण कमांडर. कमांडर! हातात बंदूक, पाठीवर ऑक्सिजन, छाती ही एवढी... आणि दहाव्या मिनिटाला हा कमांडर चालता चालता जमिनीतून खाली गेला. खड्डा नाही, काही नाही, सपाट जमीन, आणि हा आपला खाली खाली खाली! मी म्हटलं असेल काहीतरी गुपित. गुपित कसलं, गेमच फाटका! राक्षस भिंतीतून आरपार येतात, आपली गोळी मात्र भिंतीला अडते. हा कुठला न्याय?

मतं तिघांची तीन. विपुलला विचारा, तो म्हणणार, "अरे भाई, ग्राफिक तो जो! ते धुळीचे कण बघ, एकेक कण वेगळा हाय!" याला कण पाहिजेत, दुकानात सिमेंटचे कमी पडतात म्हणून. सुजितचं वेगळंच. त्या वसाहतीच्या आतच एक समुद्र आहे, त्यात कमांडर गुडघाभर गेला की मरतो. सुजित उभा राहून ओरडतो, "अरं, अंतराळात जातो आणि पोहता येत न्हाय? आणि ह्या समुद्राला भरती-ओहोटी न्हाय! भरती न्हाय तो कसला समुद्र, ती तर टाकी झाली!" आणि माझं मत? माझं मत तुम्हाला माहीत आहे. एकशे साठ तास खेळून बनवलेलं आहे.

पण माझा खरा राग दोन गोष्टींवर. एक म्हणजे सात नंबरचं दार. वसाहतीतून बाहेर पडायचं तर त्या दारातून जायचं, आणि ते दार उघडत नाही. ढकललं, गोळ्या घातल्या, धावत जाऊन अंग आपटलं, ढिम्म! आणि दुसरी गोष्ट म्हणजे तिथला म्हातारा प्रोफेसर. मेलात की परत त्याच्यासमोर उभे, आणि तो चष्मा सावरून म्हणणार, "कमांडर, वेळ कमी आहे." असं म्हणून अकरा मिनिटं बोलतो! वेळ कमी आहे ना रे बाबा, मग अकरा मिनिटं कशाला? आणि ते पुढे ढकलायची सोय नाही. मी आपला टीव्हीचा आवाज बंद करायचो आणि तेवढ्या वेळात कोंबड्यांना दाणे घालून यायचो. कोंबड्या अशा फुगल्यात, तुम्हाला सांगतो, की चालताना दम लागतो त्यांना.

तर एक दिवस म्हटलं, बस्स, आता जगाला सांगायचं. मोबाईलवर जीव ओतून रिव्ह्यू लिहिला. त्याच वेळी आमच्या होमस्टेच्या पानावर डोंबिवलीच्या एका बाईंची तक्रार आली होती, गीझरबद्दल. बायको, सुचिता, मागे उभी, "अहो, उत्तर द्या त्यांना, रेटिंग खाली जातंय, चार पूर्णांक सहा करायला मला तीन वर्षं लागलीत!" मग तेही लिहिलं. दोन्ही मजकूर तयार, दोन्ही पानं उघडी... एक इकडे चिकटवला, एक तिकडे चिकटवला, आणि मोठ्या समाधानाने जेवायला बसलो.

कळलं ना काय झालं असेल? त्या गेमच्या पानावर, जगभरचे खेळाडू जिथे भांडतात तिथे, माझ्या नावाने लिहिलेलं, "ताई, आपल्या गैरसोयीबद्दल मनापासून दिलगीर आहोत. गीझर दुरुस्त केला आहे. पुढच्या वेळी आलात तर मोदक आमच्याकडून." तीनशे लोकांनी ते उपयुक्त आहे म्हणून सांगितलं! ब्राझीलच्या एकाने विचारलं, मोदक कुठल्या टप्प्यावर मिळतो?

ते हसण्यावारी गेलं असतं हो. पण माझ्या स्वतःच्या होमस्टेच्या पानावर, माझ्याच नावाने, एक तारा! आणि खाली, "कुणी फसू नका. दहाव्या मिनिटाला मी जमिनीतून खाली गेलो. भिंतीतून काहीही आत येतं. पाण्यात गुडघाभर उतरलात की मेलात. बाहेर पडायचं दार उघडत नाही. आणि एक म्हातारा आहे, तो दर वेळी समोर येऊन तेच तेच बोलतो, ऐकून ऐकून वीट आला. त्याला बंद करायची सोय हवी होती."

हसताय? हसा. मीही हसलो असतो. पण आमच्याकडे एक म्हातारा आहे हो! माझे बाबा. दत्तात्रेय राऊत, वय अठ्ठ्याहत्तर, पडवीतल्या झोपाळ्यावर बसतात, आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला, प्रत्येक, अगदी कालच सांगितलेल्यालासुद्धा, म्हणतात, "पाण्यात जायच्या आदी मला इचारा. भरती कदी लागते मला ठावं हाय." आणि रोज सकाळी चहाबरोबर चष्मा लावून मोबाईलवर सगळे रिव्ह्यू वाचतात.

मी तासाभरात तो रिव्ह्यू काढून टाकला. पण त्यांनी वाचला होता. ओरडले असते तर बरं झालं असतं! मी सांगायला गेलो, "बाबा, तो म्हातारा तुम्ही नाही, तो लाल ग्रहावरचा प्रोफेसर..." आता तुम्हीच सांगा, हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना मला स्वतःला तरी खरं वाटत होतं का? ते म्हणाले, "बरं." एवढंच. आणि झोपाळ्यावरून उठून मागे माडाखाली खुर्ची टाकून बसले.

शनिवारी ठाण्याचं कुटुंब आलं. बाबा माडाखालीच. ती माणसं चपला काढून वाळूत ठेवून मस्त लांबवर चालत गेली, परत येतात तो पाणी कमरेला! माणसं भिजून धडधाकट आली, देवाची कृपा, पण चार जोड चपला आणि एक छत्री गेली. त्यातले आजोबा मला म्हणाले, "अहो, सांगायचं होतं कुणीतरी!" तेव्हा कळलं की ते रोजचं तेच तेच वाक्य काय होतं. मला बाबांच्या समोर जायची लाज वाटली, खरंच सांगतो, त्रेचाळीस वर्षांचा बाप्या मी, पडवीच्या खांबाला धरून उभा.

मग काय करणार? पुरावा पाहिजे. बाबांना हाताला धरून तीन नंबरच्या खोलीत आणलं, सुजित आणि विपुल साक्षीदार म्हणून कॉटवर बसवले, हिंदी अक्षरं खाली येतील असं केलं, आणि कमांडरला मुद्दाम समुद्रात घालून मारला. आला प्रोफेसर. "कमांडर, वेळ कमी आहे." मी म्हटलं, "बघा! बघा! हाच तो म्हातारा! आता अकरा मिनिटं पिडतो." आणि सवयीने उठलो कोंबड्यांकडे जायला.

"बस खाली," बाबा म्हणाले. "तो बोलतोय."

बसलो. तुम्हाला सांगतो, अकरा मिनिटं त्या खोलीत कुणी हललं नाही. बाबा चष्मा लावून एकेक ओळ वाचत होते, मध्येच मान हलवत होते, "व्हय... बरोबर हाय..." जसे काय दोघं एकाच गावचे. प्रोफेसरचं संपलं तसे बाबा माझ्याकडे वळले.

"सात नंबरचं दार कुठं हाय रं?"

"ते उघडत नाही, बाबा. तो गेमचा दोष आहे. जगभर सगळे म्हणतात."

"तो काय म्हणतोय वाचलंस? दार आतल्या बाजूला उघडतं. ढकलायचं न्हाय. ओढायचं."

विपुलने माझ्याकडे बघितलं. सुजितने भिंतीकडे बघितलं. मी कमांडरला दारापाशी नेलं, ओढायचं बटण दाबलं... उघडलं हो! कुरकुर नाही, काही नाही, एका बोटाने! एकशे साठ तास! एकशे साठ तास मी ते दार ढकलत होतो आणि तो बिचारा म्हातारा दर वेळी मला सांगत होता आणि मी कोंबड्या फुगवत होतो! मी तिथल्या तिथे बाबांचे पाय धरले. म्हटलं, चुकलो. ते म्हणाले, "पाय सोड, राक्षस आला बघ."

सोमवारपासून बाबा परत झोपाळ्यावर, पाहुण्यांना भरती सांगतात, आणि मला तर दोनदा सांगतात, मी दोन्ही वेळा ऐकतो. दुपारी दोन ते पाच मात्र तीन नंबरची खोली त्यांची. माझ्या हातात तो कंट्रोलर पंधरा दिवसांत आलेला नाही. मी चहा नेऊन देतो.

आणि परवा त्यांनी गेमच्या पानावर रिव्ह्यू टाकला, मोबाईलला तोंडी सांगून, शुद्ध मराठीत, पाच तारे देऊन. लिहिलंय, "गेम बरा आहे. प्रोफेसर मनापासून सांगतो. कमांडर बहिरा आहे, पण स्वभावाने वाईट नाही." उपयुक्त म्हणून चारशे लोकांनी अंगठा दिलाय त्याला... त्यात पहिला अंगठा माझ्या बायकोचा.